सर्व्हर भाड्याने मिळतो, ओळख मिळत नाही

विद्यापीठांच्या इन्क्युबेशन केंद्रांत आणि स्टार्टअप मेळाव्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते : आता भांडवलाची गरज उरलेली नाही, लॅपटॉप आणि इंटरनेट असले की कुणीही ॲप बनवून जगाला विकू शकतो. हे वाक्य बोलणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. त्याच्या वाट्याला ते तसेच आलेले असते. मी समाजशास्त्राची संशोधक आहे, आणि गेली दोन वर्षे एका मित्राने उभ्या केलेल्या छोट्या वेब ॲपच्या विक्रीत माझाही हात आहे. त्यामुळे या वाक्याचे दोन तुकडे मला वेगवेगळे दिसतात : 'बनवून' आणि 'विकू शकतो'. पहिल्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. दुसऱ्यात जात मांडी घालून बसलेली आहे, आणि तिच्याबद्दल कोणत्याही मेळाव्यात अवाक्षर निघत नाही.

आधी पहिल्या तुकड्याला त्याचे श्रेय देऊ. २००६ साली ॲमेझॉनने एसथ्री आणि ईसीटू या सेवा सुरू केल्या आणि संगणकाची ताकद तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळू लागली. त्याआधी वेबसाइट चालवायची म्हणजे सर्व्हर विकत घ्या किंवा महिनोन्महिन्यांच्या कराराने घ्या, तो सांभाळणारा माणूस ठेवा. २००७ मध्ये सुरू झालेल्या हेरोकूने पुढची पायरी गाठली. तुम्ही कोड लिहा आणि गिटची एक आज्ञा द्या. ऑपरेटिंग सिस्टीम, वेब सर्व्हर, डेटाबेसची जोडणी हे सगळे प्लॅटफॉर्म बघेल. सेल्सफोर्सने २०१० मध्ये ही कंपनी घेण्याचा करार केला तो २१ कोटी डॉलरहून अधिक किमतीला. पुढे अनेकांनी हाच रस्ता धरला. ॲमेझॉनची सर्व्हरकेंद्रे २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादेत सुरू झाली.

याचे महत्त्व केवळ पैशापुरते नाही. सर्व्हर कसा लावायचा, कुठे बिघडतो, मध्यरात्री बंद पडला तर काय करायचे, हे ज्ञान पूर्वी पुस्तकात कमी आणि कंपनीतल्या सीनियरच्या शेजारच्या खुर्चीत जास्त मिळत असे. त्या खुर्चीपर्यंत कोण पोहोचतो याचे उत्तर आपल्याला माहीत आहे. भारतीय आयटी उद्योगात 'गुणवत्ता' या शब्दाआडून शहरी सवर्ण मध्यमवर्गाचीच भरती कशी होत राहिली, हे कॅरोल उपाध्या यांनी २००७ मध्येच मांडले होते. आयआयटी मद्रासच्या इतिहासातून अजंथा सुब्रमण्यन यांनी २०१९ मध्ये तोच धागा फार मागेपर्यंत नेला. क्लाउड प्लॅटफॉर्मने ती शेजारची खुर्ची अनावश्यक केली. दस्तऐवज सगळ्यांसाठी खुले, आज्ञा सगळ्यांना सारख्या, आणि चूक झाली तर स्क्रीनवर जो लाल मजकूर येतो तो कुणाच्या आजोबांचा व्यवसाय विचारत नाही. यंत्राला विरोध करणाऱ्या गांधीविचारावर बाबासाहेबांनी टीका केली आणि यंत्राची, शहराची बाजू घेतली, ती का घेतली हे मला असा लाल मजकूर वाचताना दर वेळी नव्याने कळते.

आता आमच्याबद्दल थोडे. हैदराबादच्या अशोकनगर आणि चिक्कडपल्ली भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची दाटी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत चौघे राहतात, अभ्यासाला जागा नसते, म्हणून इमारतींच्या वरच्या मजल्यांवर 'स्टडी हॉल' निघाले आहेत. मराठी मुलखात ज्याला आपण अभ्यासिका म्हणतो तेच. लाकडी पार्टिशनची टेबले, डोक्यावर पंखा, महिन्याची फी. मालकाचा सगळा कारभार वहीत आणि व्हॉट्सॲपवर : कोणत्या सीटवर कोण, कुणाचा महिना कधी संपतो, कुणी पैसे दिले, लॉकरची किल्ली कुणाकडे. माझा मित्र आदिलाबादच्या मादिगा कुटुंबातला, एमसीए झालेला. त्याने स्वतः तीन वर्षे अशा हॉलमध्ये काढली आहेत. त्याने जँगो आणि पोस्टग्रेस वापरून सहा आठवड्यांत या कारभाराचे ॲप बनवले आणि एका परदेशी क्लाउड प्लॅटफॉर्मवर चढवले. मी नांदेडची, बौद्ध, इथल्या विद्यापीठात पीएचडी करते. फेलोशिपच्या नियमांत मला व्यवसाय करता येत नाही, म्हणून फर्म त्याच्या एकट्याच्या नावावर आहे आणि मी त्यातून पैसे घेत नाही. माझे काम मालकांशी बोलण्याचे. क्षेत्रकार्याची सवय असल्याने ते मला जमते, आणि खरे सांगायचे तर त्यातून मिळणाऱ्या निरीक्षणांचा मला लोभ आहे.

प्लॅटफॉर्मवर खाते उघडताना आडनावाचा प्रश्न आला नाही. क्रेडिट कार्डाचा आला.

बिनभांडवली उद्योगाच्या गोष्टीतला हा पहिला खिळा आहे आणि तो इतका बारीक आहे की ज्याच्या खिशात कार्ड असते त्याला तो दिसतही नाही. क्रेडिट कार्ड म्हणजे तुमच्या नियमित उत्पन्नावर बँकेने ठेवलेला विश्वास. मला महिना ४२ हजार रुपये फेलोशिप आहे. पण ती पगार नाही, प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने ती करमुक्त शिष्यवृत्ती आहे. फॉर्म १६ नाही, विवरणपत्र भरण्याइतके उत्पन्न नाही, आणि ती दर महिन्याला येतेच असेही नाही. मी सहज म्हणून कार्डासाठी अर्ज करून पाहिला, तो एका बँकेने परत केला. मित्राचा तर प्रश्नच नव्हता, तेव्हा तो एका कोचिंग सेंटरमध्ये रोजंदारीवर संगणक बघत होता. शेवटी त्याच्या आईने बचत गटातून उचललेले २५ हजार मुदत ठेवीत टाकले आणि त्या ठेवीच्या तारणावर कार्ड मिळाले. महिन्याला पाच-सहा डॉलरचा सर्व्हर घ्यायला एका शेतमजूर बाईचे २५ हजार बँकेत अडकून पडले, आणि त्यावरचे गटाचे व्याज ती फेडते आहे. 'भांडवल लागत नाही' या वाक्यात हे व्याज कुठे मोजले जाते?

आता काही कंपन्या डेबिट कार्ड आणि यूपीआयही घेतात, म्हणून हा अडसर पूर्वीइतका उंच राहिलेला नाही. पण तो नियमांच्या लहरीवर खालीवर होतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती देयकांचे नियम लागू झाले, तेव्हा परदेशी सेवांची दर महिन्याची आपोआप होणारी वजावट अनेकांची एकदम थांबली. ५ हजारांपर्यंतच्या वजावटीला सूट होती, ती पुढच्या वर्षी १५ हजारांवर गेली, तरी आधी त्या कंपनीने आणि तुमच्या बँकेने नव्या पद्धतीत यायला हवे होते. ग्राहकाच्या सुरक्षेसाठी नियम चांगलाच होता. पण त्या काळात कुणाचे ॲप चालू राहिले? ज्यांचा मामा किंवा भाऊ कॅलिफोर्नियात होता आणि ज्यांनी त्याचे कार्ड लावले, त्यांचे. अमेरिकेतला तो मामा कोणत्या जातीचा असण्याची शक्यता अधिक आहे, हे या पोर्टलच्या वाचकाला सांगायला नको.

फुकट जागेचेही असेच. हेरोकूवर अनेक वर्षे छोटे ॲप विनामूल्य ठेवता येत असे. अर्धा तास कुणी फिरकले नाही की ते झोपी जायचे, पुन्हा कुणी आले की डोळे चोळत उठायचे. विकायला ते उपयोगाचे नव्हते, कारण पैसे देणारा मालक थांबत नाही. पण शिकायला, दाखवायला, नोकरीच्या अर्जात दुवा द्यायला ते पुरेसे होते. गैरवापर वाढला असे कारण देत कंपनीने २८ नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय बंद केली. कंपनीला तसा अधिकार आहे, त्यात मी वाद घालत नाही. मला कुतूहल आहे ते एका शब्दाचे. त्यांच्या सात डॉलरच्या योजनेचे नाव बरीच वर्षे 'हॉबी' होते. या धंद्याच्या कल्पनेत पैसा न मिळवणारे काम म्हणजे छंद. एमसीए होऊन कोचिंग सेंटरमध्ये रोजंदारी करणाऱ्या पोराचे रात्रीचे काम छंद नसते. घरात त्यासाठी मागितलेली ती मुदत असते, आणि ती मुदत वर्षभराचीही नसते.

पैसे ऑनलाइन घ्यायचे तर पेमेंट गेटवे लागतो, त्याला चालू खाते, व्यवसायाचा पुरावा, वेबसाइटवर परताव्याचे धोरण आणि पत्ता लागतो. मालकांच्या विद्यार्थ्यांना फीची आठवण एसएमएसने पाठवायची तर ट्रायच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे दूरसंचार कंपनीच्या डीएलटी यंत्रणेत फर्म, शीर्षक आणि संदेशाचा प्रत्येक मसुदा मंजूर करून घ्यावा लागतो. हे सगळे आम्ही केले. वेळ गेला, पण झाले. कागदाला कागद लावला की हे दरवाजे उघडतात. ज्या दरवाजाला कागद चालत नाही तो पुढे आहे.

आमचे गिऱ्हाईक म्हणजे स्टडी हॉलचा मालक. महिन्याला ५०० रुपये द्यायला तो तयार असतो, कारण थकीत फी पकडली गेली की तेवढे पहिल्या आठवड्यात सुटतात. पण हातात नमुना देऊन, आकडे दाखवून झाल्यावर तो जे विचारतो ते ॲपबद्दल नसते. तुम्ही कुठले? तुमच्या मागे कोण आहे? कुणाच्या ओळखीने आलात?

इथे मला हैदराबादने एक गोष्ट शिकवली. माझे आडनाव गावावरून आलेले, 'कर' प्रत्ययाचे. मराठवाड्यात ते ऐकल्यावर समोरचा माणूस गाव, जिल्हा आणि चेहरा जुळवून चार सेकंदांत निकाल लावतो. हैदराबादेत ते वाचता येत नाही. इथली जात वाचण्याची लिपी वेगळी : नावाच्या शेवटी लागणारे रेड्डी, राव, चौधरी, इंटी पेरू म्हणजे घराण्याचे नाव, जिल्हा. मराठी आडनाव त्या लिपीत बसत नाही, आणि 'कर' हा प्रत्यय सचिन तेंडुलकरांमुळे इथे बऱ्यापैकी प्रतिष्ठित आहे. त्यामुळे पहिल्या भेटीत मला चहा मिळतो. मित्राला मिळतोच असे नाही. तो तेलुगूत बोलतो, म्हणजे लगेच वाचला जातो. ॲप त्याने लिहिलेले, प्रश्न मला विचारले जातात, आणि त्यातही पैशाचा विषय निघाला की मी बाई म्हणून मालक पुन्हा त्याच्याकडे वळतो. दुसऱ्या भेटीत मात्र लिपी नसली तरी शोध सुरू होतो. गावाकडे शेती किती? घरी नॉनव्हेज चालते का? लग्न कुठे ठरवणार? जात विचारायला जात हा शब्द लागत नाही. नांदेड आणि लातूरला आम्ही ॲप दाखवायला गेलो तेव्हा उलटे झाले : तिथे मी वाचली गेले आणि तेलुगू बोलणारा मित्र 'हैदराबादचा सॉफ्टवेअरवाला' म्हणून मानाच्या खुर्चीत बसला. आम्ही दोघे त्या प्रवासात फार हसलो. हसण्यासारखे होते म्हणून हसलो, पण आता मुलखाप्रमाणे कुणी बोलायचे ते आम्ही ठरवून घेतो, आणि ही आमच्या धंद्यातली खरीखुरी विक्रीनीती आहे.

हा आमचा वैयक्तिक सल असता तर मी त्यावर लिहिले नसते. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आठवा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज, फक्त नावे वेगळी. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. तिथे निदान अर्ज होता, पात्रतेचा रकाना होता. सॉफ्टवेअर विकताना अर्जही नसतो. महिन्याला ५०० रुपयांचे सॉफ्टवेअर कुणी परीक्षा घेऊन विकत घेत नाही. 'अमक्याच्या हॉलमध्ये चालते' एवढे ऐकून घेतो. म्हणजे पहिला ग्राहक हेच खरे भांडवल, आणि पहिला ग्राहक नात्यातून, जातीतून येतो. जातीच्या जाळ्यातून धंद्याला उधार, माहिती आणि भरवसा कसा मिळतो हे कैवान मुन्शी यांनी हिरे उद्योगाच्या अभ्यासात दाखवले आहे. त्या अभ्यासात जाळे हे गरीब समूहाला वर चढवणारी शिडी म्हणून येते, आणि ते खोटे नाही. पण ज्या समूहाच्या वाट्याला व्यापारच नव्हता त्याच्याकडे व्यापाराचे जाळे कुठून येणार? वरच्या टोकाला काय आहे तेही पाहा : अजित, डोन्कर आणि सक्सेना यांनी २०१२ मध्ये देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची जात तपासली, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक संचालक उच्च जातींचे निघाले. क्लाउडवर उभे राहिलेले स्टार्टअप आधी एकमेकांना विकतात, मग अशाच कंपन्यांना विकतात. मेळाव्यातल्या त्या वाक्यात 'जगाला विकू शकतो' असे असते, त्यातले जग बहुधा एवढेच असते.

आणखी एक गोष्ट उधारीची. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. अशोकनगरच्या जिन्यात तो कायदा चढत नाही. 'पुढच्या महिन्यात बघू' हे सगळेच मालक म्हणतात, पण ते कुणाला म्हणतात यात फरक असतो. तीच इमारत, तोच मालक, वायफायवाल्याचे पैसे पाच तारखेला देतो, कारण वायफायवाला त्याच्या साडूचा भाऊ आहे. आमच्या पैशाला तारीख नाही. सर्व्हरच्या बिलाला मात्र आहे, आणि ते डॉलरमध्ये येते.

या सगळ्याहून मला जास्त काळ झोपू दिले नाही ते एका रकान्याने.

मागच्या वर्षी मुलींची तीन वसतिगृहे आणि त्यांना जोडलेले स्टडी हॉल चालवणारा एक मालक आमच्याकडे आला. तिन्ही ठिकाणी ॲप हवे होते. त्या एका करारातून सर्व्हरचा वर्षाचा खर्च निघून वर पैसे उरले असते. त्याने दोन बदल मागितले. विद्यार्थिनीच्या नोंदणीत 'कम्युनिटी' असा एक रकाना आणि खोल्यांच्या तक्त्यात त्या रकान्याप्रमाणे रंग. मी कशासाठी असे विचारले. तो अवघडला नाही. मला काही नाही मॅडम, पालक विचारतात, खोली कुणाबरोबर आहे ते विचारतात. बोलायला गोड माणूस, पैसे आगाऊ द्यायला तयार. दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांबाबत थोरात आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेला अभ्यास मी वर्गात शिकवला आहे. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घर कसे नाकारले जाते याचा. तोच नकार आता आमच्याकडून रंगीत तक्त्यात हवा होता, एका क्लिकवर.

आम्ही नाही म्हणालो, त्यात शौर्य काही नाही. मुद्दा पुढे सुरू होतो. आमच्या ॲपमध्ये मालकाला हवे ते रकाने वाढवायची सोय आधीपासून होती. असे मोकळे रकाने जवळजवळ प्रत्येक तयार सॉफ्टवेअरमध्ये असतात. लवचिकता म्हणून ते विकले जातात. म्हणजे आम्ही नाही म्हटले तरी तो स्वतः 'कम्युनिटी' असा रकाना टाकू शकत होता, आणि आधीच्या मालकांपैकी कुणी तो टाकलाही असेल. मित्राचे म्हणणे होते की मोकळे रकाने काढले तर ॲप दुबळे होईल आणि जात काही त्याच्या वहीतून जाणार नाही. माझे म्हणणे होते की वहीतली जात त्याची आहे, आमच्या डेटाबेसमधली जात आमची असेल. चार दिवस वाद झाला. शेवटी मित्रानेच मोकळे रकाने काढून ठरावीक यादी केली : फोन, परीक्षा, ओळखपत्राचा प्रकार, अडचणीच्या वेळचा संपर्क. मेससाठी शाकाहारी-मांसाहारी ताटांची संख्या लागते, ती ठेवली, पण ती नुसती संख्या आहे. कोणत्याही मुलीच्या नावाला किंवा खोलीला जोडलेली नाही. त्यानंतर दोन जुन्या ग्राहकांनी ॲप सोडले. त्यांनी कारण सांगितले नाही.

इथे एक सावधगिरी हवी. जात नोंदवूच नये, असे माझे म्हणणे नाही. जात विसरा म्हणणे हा ज्यांना जातीचा नफा मिळून चुकला आहे त्यांचा आवडता उपदेश आहे. मी स्वतः ज्या वसतिगृहात शिकले तिथला प्रवेश जातीच्या दाखल्यावर होता, आणि तो दाखला नसता तर हा लेख नसता. तेलंगणात २०२४ च्या नोव्हेंबरपासून घरोघरी जातसर्वेक्षण झाले, केंद्रानेही जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. या दोन्हींची मागणी आपण वर्षानुवर्षे करत होतो. त्या नोंदीतून समूहाचा वाटा दिसतो, आणि तो मागता येतो. खासगी वसतिगृहाच्या तक्त्यातल्या रंगातून एकटी मुलगी दिसते, तिला कुठे झोपवायचे ते ठरते. दोन्ही ठिकाणी रकान्याचे नाव एकच आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा फरक कुणी शिकवत नाही. तिथे रकाना म्हणजे व्हारकॅर, लांबी पन्नास.

मग करायचे काय? सरकारी योजना नाहीत असे नाही. स्टँडअप इंडिया २०१६ मध्ये आली, तिच्यात कर्ज सुरू होत असे १० लाखांपासून. आमची गरज ३० हजारांची होती. अनुसूचित जातींच्या तरुण उद्योजकांसाठी २०२० मध्ये आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन आले, तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत मदत, पण वाट इन्क्युबेटरमधून जाते. म्हणजे ज्या खोलीत ते 'भांडवलाची गरज नाही' वाक्य ऐकायला मिळते त्याच खोलीतून. इंडियाएआय मिशनसाठी केंद्राने २०२४ मध्ये १० हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली, तीत संगणनक्षमतेचा वाटा मोठा आहे. सरकारी खात्यांसाठी मेघराज नावाचा क्लाउड २०१४ पासून आहे. या दोन टोकांच्या मध्ये, राज्य विद्यापीठातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला कार्डाशिवाय, तारणाशिवाय वर्षभर एक छोटा सर्व्हर मिळेल अशी सार्वजनिक सोय विद्यापीठांनीच करायला हवी. ग्रंथालयाचे ओळखपत्र असते तशी. खर्च किरकोळ आहे, विद्यापीठांकडे संगणक केंद्रे आहेत. फेलोशिपला बँकांनी उत्पन्न म्हणून धरावे, हीसुद्धा रिझर्व्ह बँकेकडे एकत्रितपणे करण्याजोगी मागणी आहे. आपल्या विद्यार्थी संघटनांच्या मागणीपत्रांत ती मी अजून पाहिलेली नाही.

आपसांत खरेदी करा, असा सल्ला मला अनेक ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी दिला. विहारातल्या अभ्यासिका, कर्मचारी संघटनांच्या पतसंस्था, आपल्या लोकांची वसतिगृहे. त्यात दम आहे, आमचे पहिले दोन ग्राहक तसेच मिळाले, आणि मालकाच्या साडूच्या भावाला जे मिळते ते आपल्या पोरांना एकदा तरी मिळायला हवे. पण विहारातली अभ्यासिका फुकट चालते, ती ५०० रुपये कुठून देणार? आपल्या समाजातला मोठा खरेदीदार अजून सरकारच आहे, कारण आपल्या मुलांची सर्वांत जास्त वसतिगृहे तेच चालवते. आणि तिथे कायदा आपल्या बाजूने बोलतो : केंद्राच्या सार्वजनिक खरेदी धोरणात २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघुउद्योगांकडून आणि एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून व्हावी असे लिहिलेले आहे. हे ४ टक्के वर्षानुवर्षे भरत नाहीत, आणि ते राज्य सरकारांना बांधीलही नाहीत.

गेल्या महिन्यात एका सरकारी वसतिगृहाच्या वॉर्डनने आमचे ॲप पाहिले. मुलांच्या हजेरीसाठी आणि मेससाठी त्यांना ते आवडले. खरेदी निविदेतूनच होणार होती. निविदेत तीन वर्षांची उलाढाल आणि तत्सम कामाचा पूर्वानुभव मागितला होता. छोट्या उद्योगांना या अटींतून सूट देता येते. ती द्यायची की नाही हे खरेदी करणारा अधिकारी ठरवतो. आम्ही सूट मागणारा अर्ज तेलुगूत आणि इंग्रजीत लिहून दिला आहे, सोबत मित्राचा जातीचा दाखला आणि उद्यम नोंदणी जोडली आहे. निविदेची शेवटची तारीख येत्या शुक्रवारी आहे.